आमची वाटचाल : परळच्या पोटमाळ्यावरची मळकी इंजिनं

पितळेच्या पत्र्यातून डब्ल्यूपीचं, म्हणजे प्रवासी गाड्या ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाचं, एक मॉडेल उभं करायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच ते मळवायला, म्हणजे रोज चालणाऱ्या इंजिनासारखं मळकं रंगवायला लागतो. गिऱ्हाईक मात्र पैसे मोजतं पहिल्या कामाचे. दुसऱ्याचा आकडा सांगितला की भुवया वर जातात, "मळवायचे पण वेगळे?" वेगळेच, आणि जास्त. पत्रा कापणारा, डाख लावणारा माणूस मिळतो. वॉशआउट प्लगखालचा, म्हणजे बॉयलर धुवायच्या बुचाखालचा, चुन्याचा ओघळ कुठे थांबवायचा हे कळणारा हात मुंबईत शोधून दाखवा.

मुलगा म्हणतो, बाबा, पहिल्याच ओळीला भांडू नका, धंद्याचा इतिहास लिहा. तर इतिहास असा. वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपात पेंट शॉपला होते, टेंडरवरचे, म्हणजे इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्यावरचे, आकडे आणि अक्षरं लिहायचे. मी गिरणीत टर्नर. जानेवारी १९८२ चा संप झाला, पुढे गिरणीचं जे व्हायचं ते झालं आणि माझी लेथ सुटली. इकडेतिकडे जॉबवर्क केलं, पॅटर्न केले, आणि १९९१ मध्ये चाळीतल्या पोटमाळ्यावर स्वतःचं बाकडं टाकलं. पत्रा गुलालवाडीतून, कानशी आणि ड्रिल नागदेवीतून. पहिली इंजिनं शाळांना आणि प्रदर्शनांना गेली. ती वर्षं बरी होती, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचं ते मामांबद्दल. माझे सख्खे मामा नव्हेत, अख्ख्या गल्लीचे मामा. लालबागच्या गणपती कारखान्यातले पेंटर, त्यातही आखणीचे. डोळे आखायला कारखानदार त्यांची वाट बघत बसायचे. अनंत चतुर्दशी झाली की मामा रिकामे, ते पार वैशाखापर्यंत. आमचं गणित तिथेच जुळलं. पावसात ते मूर्तींमध्ये, आणि पावसात तसंही आमचं फवारणं अडखळतंच. भागीदारी तोंडी ठरली, नफ्यात चार आणे त्यांचे. कागद कधी झाला नाही आणि त्यावरून कधी आवाजही चढला नाही.

पहिल्या दिवशी मामांनी माझी काळ्या रंगाची बाटली उचलून फळीवर मागे ढकलली. म्हणाले, "हा थेट लावलास तर इंजिनाच्या जागी नुसतं भोक दिसेल." खरंच तसं होतं. खऱ्या इंजिनावर पडणारा उजेड वेगळा आणि हातभर मॉडेलवरचा वेगळा. म्हणून काळ्यात राखाडी, थोडा तपकिरी. बॉयलरचा एक काळा, स्मोकबॉक्सचा, म्हणजे चिमणीखालच्या पुढच्या भागाचा, दुसरा. बॉयलरला वरून आवरणाचा पत्रा असतो, तो तेलकट बोळ्याने पुसला जातो आणि मंद चमकतो. स्मोकबॉक्सला आवरण नसतं. आतला धूर आणि ठिणग्या त्याला तापवतात, रंग करपून राखाडी-तपकिरी होतो. हे न समजता सगळ्या इंजिनावर एकच मॅट काळा मारणारे आज वर्कशॉप चालवतात.

हत्यारांबद्दल विचाराल तर आमचा कॉम्प्रेसर कुर्ल्याच्या भंगारातल्या फ्रिजचा आहे. अग्निशामकाचं रिकामं नळकांडं टाकी म्हणून जोडलं, पुढे पाणी अडवणारा फिल्टर, मग रेग्युलेटर. आवाज इतका कमी की खालच्या बिऱ्हाडातल्या आजी विचारायच्या, "आज काम बंद का रे?" एअरब्रश जपानी, डबल अॅक्शन, ०.२ चं नोझल. मळ फवारताना दाब १५ पीएसआयच्या आसपास ठेवतो, जास्त ठेवला तर रंग वाटेतच सुकून खरखरीत बसतो. बारीक कामाला तीन शून्याचा खारीच्या केसांचा ब्रश. पावडरी मात्र बाहेरून आणत नाही. गेरू, काव, काजळी, सगळं खलबत्त्यात घोटून मलमलीतून गाळलेलं. टेंडरमध्ये लाकडी कोळसा भरणारे पाहिले की माझं डोकं फिरतं. तो मेलेला काळा दिसतो. दगडी कोळसा फोडून चाळणीतून काढा, त्याच्या कडांना चमक असते आणि छोट्या खड्यातही ती जात नाही.

आता कुणी विचारलेलं नाही तरी सांगतो. पितळ चिंचेच्या पाण्याने घासलंत तर नंतर साबणाने आणि गरम पाण्याने धुवा, नाहीतर सांध्यासांध्यांतून हिरवं फुटतं. मग एच प्रायमर, म्हणजे धातूला चावून बसणारा अस्तराचा रंग. त्याच्याशिवाय पितळेवर रंग धरतच नाही, नखाने सोलून निघतो. जुलैत एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर फवारू नका. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि काळं इंजिन दुधाळ होतं. अडलंच असेल तर थिनर सावकाश उडवणारा रिटार्डर घाला आणि पावसाने उघडीप दिलेली दुपार गाठा. आकड्यांचं ट्रान्सफर चकचकीत थरावरच लावा, मॅटवर लावलं तर कडेने हवा अडकून चंदेरी दिसतं. पावडर सगळ्यात शेवटी. पावडरीवर वार्निश मारलंत की अर्धी मेहनत नाहीशी होते. आणि हेल्परला सगळं एकदम शिकवू नका. त्याकडे येतोच.

त्याआधी भुसावळचे काका. रिटायर्ड ड्रायव्हर, राहायला डोंबिवलीत. कल्याणहून इगतपुरीचा आणि पुण्याचा, दोन्ही घाट १९३० च्या सुमारास विजेवर गेले, त्यामुळे मुंबईहून निघालेल्या गाडीला वाफेचं इंजिन लागायचं ते इगतपुरीच्या पुढे. काका तिथले, आधी फायरमन, मग डब्ल्यूजी या मालगाडीच्या इंजिनावर ड्रायव्हर. कुठल्याशा प्रदर्शनात आमचं इंजिन बघून पत्ता काढत आले, धापा टाकत पोटमाळा चढले आणि माझ्या हातातलं इंजिन घेऊन म्हणाले, "हे गंजलंय कशानं? रोज चालणारं इंजिन आहे का भंगारातलं?" मी त्याच्यावर ठिकठिकाणी गेरू लावला होता, तेव्हा सगळेच लावायचे. त्यांनी भिंग मागितलं आणि पाहत बसले. मग बोटाने दाखवत गेले. पाणी गळतं ते इंजेक्टरच्या, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या यंत्राच्या, ओव्हरफ्लोपाशी. चुना दिसतो तो फायरबॉक्सच्या वॉशआउट प्लगखाली आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या आसपास. तेल कनेक्टिंग रॉडवर आणि क्रॉसहेडला. ब्रेकची तपकिरी धूळ खाली चाकांपाशी. राख स्मोकबॉक्सच्या दाराखाली. चिमणीमागे बॉयलरच्या माथ्यावर काजळी, बगलेला नाही. "प्रत्येक डाग कुठून आला ते सांगता आलं पाहिजे," म्हणाले, "नाही सांगता आलं तर पूस."

जाताना कॅबच्या दांड्याकडे बोट केलं. "आणि हा? इथं माझा हात घासला असता ना." मामांनी सहा बीची पेन्सिल घेऊन दांड्याच्या मधल्या भागावर आणि पायरीच्या कडेवर हलकेच घासली. ग्राफाइटने पोलाद उघडं पडल्यासारखं झालं. काका बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, "कितीला?" त्यांच्या पेन्शनला परवडणारं नव्हतं. हप्ते बांधून घेतलं. पुढे दर महिन्याला हप्ता द्यायला स्वतः यायचे आणि बाकड्यावर जे असेल त्याच्यात चूक काढून जायचे. हप्ते संपल्यावरही येत राहिले.

आता २००३. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, म्हणजे त्या वर्षी दीडशे वर्षं भरत होती आणि ज्याला त्याला भेट द्यायला इंजिन हवं होतं. एका व्यापारी कंपनीने साठ डब्ल्यूपी सांगितली, एकास सत्त्याऐंशीच्या प्रमाणात. पहिल्या गाडीची इंजिनं साहेब, सिंध आणि सुलतान होती, डब्ल्यूपी आलं १९४७ ला, हे मी बोललो. त्यांना ते टोकदार नाकाचं आणि ताऱ्याचंच हवं होतं. ठीक. दुसरीही एक तडजोड आधीच सांगितली. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्या प्रमाणात रूळ १९.२६ चा हवा, बाजारात मिळतो तो १६.५ चा, तेव्हा इंजिन खालून चिंचोळं दिसेल. चालेल म्हणाले. सँपल मळवलेलं नेलं, त्यांच्या साहेबांनी खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिलं आणि लाकडी पाटाच्या मागे सही केली. तो पाट अजून माझ्याकडे आहे.

थोडा अॅडव्हान्स मिळाला, बाकी पतपेढीचं कर्ज. बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या. बिगरगणपतीचे सगळे महिने मामा आणि मी आणि दोन पोरं. साठ टेंडरांचा कोळसा, साठ इंजिनांचे ओघळ, आणि मामांनी दोन इंजिनं सारखी होऊ दिली नाहीत. डिलिव्हरीच्या दिवशी सही करणारे साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी पेटीतून एक काढलं, टेंडरवरून बोट फिरवलं, बोट बघितलं. "हे तर मळलंय. लोक म्हणतील, जुना माल वाटला." मी पाट पुढे केला. म्हणाले, सही त्यांची, माझी नाही. मग तोडगा सुचवला, सगळी धुऊन चकचकीत करून आणा.

मामा कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले, साहेबांच्या हातातलं इंजिन घेतलं, पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि मला म्हणाले, "उचल."

घरी येईपर्यंत दोघेही बोललो नाही. मला अजून वाटतं मामांनी बरोबर केलं, बायकोला अजून वाटतं की नाही.

ऑर्डर गेली कुणाकडे? आमच्याच जुन्या हेल्परकडे. आमच्या पॅटर्नवरून उतरवलेले साचे होते त्याच्याकडे, कसे आले ते तो जाणे. त्याने पितळ तसंच ठेवलं, वर पारदर्शक लॅकर, बफ मारून सोन्यासारखं. कनेक्टिंग रॉड, चिमणी, कोळसा, सगळं एकाच पिवळ्या रंगाचं. वाटायला छान. त्याच पैशांतून त्याने ठाण्याला गाळा घेतला. त्याचं नाव मी लिहीत नाही, तो हे वाचेल आणि ओळखेल.

आमच्याकडे साठ पेट्या पोटमाळ्यावर आणि पतपेढीची माणसं दारात. कॉम्प्रेसर विकायला काढला होता, पण फ्रिजच्या कॉम्प्रेसरला कोण घेणार. तेव्हा काका आले. पेट्या बघितल्या, एक उघडली आणि म्हणाले, "ह्याला नंबर कुठला दिलास?" सगळ्यांना एकच होता. "तो काढ. भुसावळचा एक फोरमन आहे, त्याला त्याच्या इंजिनाचा नंबर हवा असणार."

तिथून सुरू झालं. नंबर पुसायचा, त्या माणसाच्या इंजिनाचा नंबर आणि ते जिथे ठेवलं जायचं त्या शेडचं नाव घालायचं, आणि मळ त्याच्या आठवणीप्रमाणे. फोरमनने मागच्या बफरला पोचा मागितला, आम्ही दिला. एकाला आपल्या इंजिनाचा तारा नेहमी घासलेला हवा होता, बाकी सगळं कळकट चालेल. दौंडचे एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडचं पाणी जड, चुना वाढवा. कुणी हप्त्याने, कुणी मुलाच्या पहिल्या बोनसवर. साठही गेली. पाटल्या सुटल्या. पतपेढीचा शेवटचा हप्ता फेडला तेव्हा मामांनी स्वतःचे चार आणे त्या वर्षी घेतले नव्हते हे मला वहीवरून कळलं, त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून आम्ही नगावर माल करत नाही. प्रत्येक इंजिन कुणाचं तरी.

काका २०११ मध्ये गेले. मामांची नजर आता आखणीला पुरत नाही, तरी भाद्रपद संपला की पोटमाळ्यावर येऊन बसतात आणि मुलाने केलेले ओघळ बोटाने पुसून टाकतात. मुलगा आकडे आता प्रिंटरवर छापतो. चांगले येतात, मला आवडत नाहीत.

धंद्यात येणाऱ्यांना एकच सांगतो, सँपलवर सही घ्याल तेव्हा कंपनीचा शिक्काही घ्या. साहेब बदलतो, शिक्का बदलत नाही.

सध्या बाकड्यावर माथेरानचं १९०७ चं ओरेन्स्टाइन अँड कोपेल आहे, एकास एकोणीसच्या प्रमाणात. दोन फुटी गेज ३२ मिलिमीटरच्या रुळावर बरोबर बसतो, इथे चिंचोळेपणाची तडजोड नाही. पुढच्या-मागच्या चाकांचे क्लीन-लिंडनर आस पोकळ असतात, त्यामुळे वळणावर ती चाकं रुळाबरोबर वळतात. ते हलतं करायचं म्हणून मुलाने हट्ट धरलाय. खाली सगळा गेरू, कारण ती धूळ तिथल्या लाल मातीची, गंजाची नव्हे. ऑर्डर देताना फोटो, शेड आणि महिना कळवा, त्याशिवाय दर सांगत नाही. माथेरानचं कुणी ऑगस्टमधलं मागू नका, पावसाळ्यात ती गाडी नेरळहून सुटत नसे.