इंग्रजीच्या बाई, पीटीचे सर आणि टेक्ससचा बोकड

माझी धाकटी बहीण टेक्ससमधल्या एका लहान गावात राहते आणि मी वेंगुर्ल्यात. टेक्सस हे राज्य महाराष्ट्राच्या सुमारे सव्वादोन पट मोठे आहे. अमेरिकेला गेलेल्या माणसाने न्यूयॉर्कात किंवा कॅलिफोर्नियातच राहावे, अशी आमच्या नातेवाइकांची ठाम समजूत असल्यामुळे, गुरे, गवत आणि पाण्याची एक उंच टाकी एवढ्या ऐवजावर उभ्या असलेल्या तिच्या गावाचे नाव त्यांच्यापैकी कोणीही अजून धडपणे उच्चारलेले नाही. रविवारी सकाळी तिचा फोन येतो, तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते. मग कोणाच्या मुलाचे कुठे जमले, कोणी नवी गाडी घेतली आणि ती कर्जाची आहे का, कमिटीतून कोण रुसून बाहेर पडले, असे विषय एकामागून एक निघतात. यातली कमिटी देवळाची की चर्चची, एवढे वगळले तर कोणती बातमी कोणत्या गावची हे आमचे आम्हालाही कधीकधी विचारून घ्यावे लागते.

तिकडच्या गावाची रीत समजायला तिला बराच वेळ लागला. रस्त्यावर समोरून गाडी आली की तिथला माणूस स्टिअरिंगवरचा हात न काढता फक्त तर्जनी उचलतो. हा नमस्कार असतो, आणि तो ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना करायचा असतो. सुरुवातीला तिला वाटले की हे लोक आपल्याला काहीतरी बजावत आहेत. आमच्याकडे स्कूटर थांबवून 'खंय चललंस?' असे विचारतात, उत्तर ऐकून 'कित्याक?' असे विचारतात आणि त्याचेही उत्तर मिळाल्यावर 'ता दुकान आज बंद आसा' असे सांगून मोकळे होतात. त्या मानाने एका बोटात भागवणारे टेक्ससचे लोक मितभाषीच म्हटले पाहिजेत.

पण शुक्रवारी रात्री हा मितभाषीपणा संपतो. शरद ऋतूत दर शुक्रवारी गावच्या हायस्कूलचा फुटबॉल सामना असतो, आणि त्या मैदानावर सगळा गाव बसला तरी बाके उरतील अशी व्यवस्था केलेली असते. त्यातल्या एका सामन्याला माजी विद्यार्थी गावी परततात, आणि त्या दिवशी मुली छातीवर 'मम' नावाचा प्रकार मिरवतात. मूळचे हे शेवंतीचे एक साधे फूल. आता ते कापडी झाले आहे, त्याच्या फिती गुडघ्यांपर्यंत लोंबतात, आणि फितींना घुंगरू, छोटी अस्वले, शाळेच्या रंगाची चिन्हे आणि क्वचित लुकलुकणारे दिवेही बांधलेले असतात. माझ्या भाचीच्या ममचा फोटो पाहून आमच्या आत्याने चष्मा पुसला आणि विचारले, 'ह्या चेडू आसा की पालखी?' ती मुलगी त्या दिवशी वर्गात बाकावर नीट बसू शकली नाही, असे बहिणीने सांगितले, आणि ते खोटे असण्याचे काही कारण मला दिसत नाही.

अशा गावांना आपला एखादा माणूस प्रसिद्ध झाला की तो पुन्हा गावाच्या खाती कसा जमा करायचा, याचे शास्त्र टेक्ससमध्ये चांगलेच विकसित झाले आहे. गायक विली नेल्सन 1933 साली जेमतेम काहीशे वस्तीच्या अ‍ॅबटमध्ये जन्मले, म्हणून अ‍ॅबट नकाशावर आहे. विंक हे तेलविहिरींच्या मुलखातले गाव. तिथे गायक रॉय ऑर्बिसन यांचे बालपण गेले, म्हणून तिथे त्यांचे संग्रहालय आहे. तिसरे गायक जॉर्ज स्ट्रेट जन्मले पोटीटला आणि वाढले पिअरसॉलला, तेव्हा त्यांच्यावर दोन गावांचा हक्क आहे. पोटीट स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असल्यामुळे त्याला तशी गायकाची गरज नव्हती, पण हक्क म्हणजे हक्क. ज्या गावाला कोणीच मिळाले नाही त्यानेही हार मानू नये, हे लाहितास या मेक्सिकोच्या सीमेवरील वस्तीने सिद्ध केले आहे. तिने क्ले हेन्री नावाच्या बोकडाला महापौर केले. महापौर बिअर प्यायचे, थेट बाटलीतून, आणि त्यांना पाहायला लांबून लोक यायचे. ही बातमी मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली तेव्हा कोणालाही आश्चर्य वाटले नाही. बोकड कोणत्या पक्षाच्या तिकिटावर उभा होता, एवढेच विचारले गेले.

आमच्याकडे पाट्या लावत नाहीत, पण हक्क सांगण्यात आम्हीही मागे नाही. तेंडुलकर हे आडनाव ऐकले की इथल्या माणसाला तेंडोली गावाची आठवण येते, आणि पुढच्या दोन वाक्यांत तो नात्यातला निघतो. 2023 च्या एप्रिलमध्ये सचिन तेंडुलकर यांनी पन्नासावा वाढदिवस आमच्याच तालुक्यातल्या भोगव्यात कुटुंबासह साजरा केला. शांत गावात, चुलीपाशी बसून, कोणाला त्रास न देता. चुलीपुढचे त्यांचे छायाचित्र सगळ्या देशाने पाहिले तेव्हा आमच्या बाजारालाही ते पहिल्यांदाच कळले, आणि तिथून खरी गंमत सुरू झाली. अमक्याने त्यांना वाटेत पाहिले होते पण मुद्दाम ओळख दाखवली नव्हती. तमक्याच्या मेहुण्याने नारळ पोहोचवले होते. मासळीबाजारात तर त्या दिवशीची सुरमई आपल्याच टोपलीतली होती, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या एकीहून अधिक निघाल्या. हे सगळे खरे मानले तर त्या दिवशी भोगव्यात जत्रा भरलेली असणार. माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच नसल्यामुळे काही दिवस माझ्या शब्दाला घरात किंमत नव्हती.

प्रसिद्ध माणसांच्या बातम्यांचे गावाला इतके अगत्य का, याचा उलगडा मला झाला तो ऑगस्ट 2025 मध्ये. त्या महिन्याच्या 26 तारखेला गायिका टेलर स्विफ्ट आणि फुटबॉलपटू ट्रॅव्हिस केल्सी यांनी साखरपुडा झाल्याचे जाहीर केले, आणि तेही अशा शब्दांत की तुमच्या इंग्रजीच्या बाई आणि पीटीचे सर लग्न करीत आहेत. जगाला हा विनोद गोड वाटला. परंतु मी एका हायस्कूलची इंग्रजीची बाई आहे, आमच्या पीटीच्या सरांची निवृत्ती जवळ आली आहे, आणि त्यांना आठवी-नववीतल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी ज्या नजरेने पाहिले ती त्यांच्या शिट्टीलाही आवरता आली नाही. हे काय प्रकरण आहे ते सरांना ठाऊक नव्हते. मधल्या सुट्टीत कोणीतरी ते त्यांना समजावून सांगितले. त्यानंतर सर शिक्षकांच्या खोलीत माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसू लागले, आणि त्यांच्या सौ. भाजीच्या दुकानात भेटल्या तेव्हा त्यांनी, न विचारता, सरांच्या मधुमेहाची मला सविस्तर माहिती दिली.

घरी आत्याने प्रकरणाची रीतसर चौकशी केली. ती ऐंशीच्या पुढची आहे आणि स्विफ्टबाईंचे एकही गाणे तिने ऐकलेले नाही, पण स्थळ कोणतेही असो, चौकशी ठरलेल्या क्रमाने होते.

'चेडू वयान मोठा नाय मा?'

मी सांगितले की दोघांचे जन्मवर्ष 1989; तो ऑक्टोबरचा, ती डिसेंबरची.

'मगे बरा. धंदो काय तेचो?'

'फुटबॉल खेळतो.'

'ता झाला गो. पोटाक काय करता?'

अमेरिकेत फुटबॉल खेळून पोट भरते, आणि भरून पुष्कळ उरते, हे तिला पटायला वेळ लागला. मग तिने कमाई कोणाची जास्त ते विचारले. मी 'तिची' म्हणताच तिचा चेहरा उजळला. 'मगे तिचा ऐकतलो,' असे म्हणून तिने लग्नाला मंजुरी दिली.

टेक्ससच्या गावात ही मंजुरी इतकी सहज मिळाली नाही. तिथे डेअरी क्वीन या खाद्यगृहात सकाळी कॉफीला जमणारे वयस्क शेतकरी डॅलस काउबॉइज या टेक्ससच्या फुटबॉल संघाचे निष्ठावंत आहेत आणि केल्सी खेळतो कॅन्सस सिटीकडून. मुलगी चांगली आहे, पण स्थळ तिने टेक्ससमध्ये बघायला हवे होते, असा तिथला सूर होता, असे बहिणीने कळवले. मात्र खरी चर्चा पस्तिसाव्या वर्षी लग्न करावे की नाही यावर झाली, आणि ती जोरात झाली. कारण त्या टेबलावर बसणाऱ्या एका आजोबांची नात चौतिशीची आहे, तिचे शहरात काय चालले आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याविषयी आजोबांसमोर बोलायची कोणाची प्राज्ञा नाही. स्विफ्टबाईंच्या निमित्ताने प्रत्येकाने आपले मत दिले, आजोबांनीही दिले, आणि नातीचे नाव कोणीच घेतले नाही.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत याहून वेगळे घडत नव्हते. 'हल्ली पस्तिशीत लग्न केले म्हणून काय बिघडते? ती स्विफ्ट बघा,' असे एक सहकारी बाई अचानक म्हणाल्या तेव्हा त्या कोणाच्या मुलीविषयी बोलत आहेत हे खोलीतल्या प्रत्येकाला कळले, आणि सगळ्यांनी एकमुखाने स्विफ्टबाईंना शुभेच्छा दिल्या. लहान गावात शेजाऱ्याविषयी मत देणे महागात पडते, कारण ज्याच्याविषयी बोलावे त्याची चुलत जाऊ नेमकी मागच्या बाकावर बसलेली असते. लांबचा प्रसिद्ध माणूस बोलणे टाकत नाही, गणपतीला यायचा राहत नाही आणि सामाईक बांधावरून दावाही लावत नाही.

प्रसिद्धी स्वतःहून गावात राहायला आली तर काय होते, याचे दाखले दोन्हीकडे आहेत. 1978 साली सुरू झालेल्या 'डॅलस' या मालिकेत श्रीमंत तेलवाल्या कुटुंबाचे घर म्हणून पार्कर गावातले साउथफोर्क रँच दाखवले गेले. त्या घरात तेव्हा खरोखरचे एक कुटुंब राहत होते. 1980 मध्ये जे. आर. या खलनायकाला गोळी लागली आणि ती कोणी मारली हे कळायला जगाला मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले. तोवर लोक कुंपणापाशी जमत राहिले. आमच्या आकेरीतल्या वाड्याचे 2016 नंतर, 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेमुळे, हेच झाले. अण्णा नाईकांचे घर पाहायला गाड्या भरून माणसे येऊ लागली. कोकणाची बदनामी होते म्हणून मालिकेला विरोधही झाला, पण विरोध करणारेही आपल्या मुंबईच्या पाहुण्यांना वाडा दाखवायला घेऊन जात, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नसे. मीही बहिणीला नेले होते. तिने गेटबाहेर फोटो काढला आणि तो टेक्ससच्या शेजारणीला दाखवला. शेजारणीने तिला साउथफोर्कचा फोटो दाखवला, आणि दोघींची मैत्री झाली.

प्रसिद्ध माणसाला सामावून घेण्यात कोकणाचा अनुभव मात्र जुना आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा राज्य गमावून 1886 मध्ये रत्नागिरीत आला तो कायमचाच. इंग्रजांनी त्याच्यासाठी समुद्र दिसेल असा राजवाडा बांधला, पण तो तयार होता होता 1910 साल उजाडले, आणि 1916 च्या डिसेंबरात राजा तिथेच वारला. खर्च भागवायला त्याला जवळची माणके विकावी लागली, आणि रत्नागिरीला राजाच्या तिजोरीची बित्तंबातमी असणार हे उघडच आहे. थोरल्या राजकन्येचे मन राजाच्या घरच्या एका स्थानिक नोकरावर बसले आणि तिला मुलगी झाली. ब्रह्मदेशच्या राजाची ती नात रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली आणि तिथेच म्हातारी झाली. त्या काळी गावाने या प्रकरणाची चर्चा किती चवीने केली असेल, याची मला कल्पना करता येते, कारण माणके आणि प्रेम हे दोन्ही विषय एकाच घरात मिळण्याचा योग सहसा येत नाही. पण नंतर ती नात गावातलीच एक बाई होऊन गेली. तिची कौतुके संपली, तशा चौकशाही संपल्या.

हाच नियम आमच्या दशावतारी कलावंतांनाही लागू आहे, आणि माझ्या मते खरे तारे तेच. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की रात्रभर देवळापुढे राजे लढतात, सीतेचे हरण होते, आणि पहाटे हे सगळे राजे पेटाऱ्यावर डोके टेकून झोपतात. मागच्या हंगामात आमच्या गावच्या जत्रेत ज्याने रावण केला त्याचा मुलगा माझ्या वर्गात आहे. रात्री त्याने डोळे वटारले तेव्हा पुढच्या रांगेतली पोरे आईच्या पदराआड गेली होती, आणि माझ्यामागे बसलेले एक गृहस्थ टाळ्या वाजवून वाजवून दमले होते. सकाळी साडेअकराला रावण शाळेच्या कार्यालयात हजर झाला. कपाळावरचा रंग अर्धवट निघालेला, डोळ्यांत काजळ तसेच, अंगात इस्त्री न केलेला शर्ट. मुलाच्या दाखल्यावर आईचे नाव चुकले होते, ते दुरुस्त करून हवे होते, आणि दुपारी पुढच्या गावी जायची गाडी गाठायची होती. लेखनिक जागेवर नव्हते. आमचा शिपाई स्टुलावर बसून फायलींना दोरा बांधत होता. त्याने रात्रीचा खेळ शेवटपर्यंत पाहिला होता, आणि टाळ्या वाजवणारे ते गृहस्थ म्हणजे तोच होता. त्याने रावणाकडे वर न बघता बाक दाखवला.

'राती सीतेक तिष्ठत ठेवलंस मा? आता तू वायच थांब.'