आमची वाटचाल : चारशे तीनचा फेरा

२०१२ साली मी सांगलीत एका एमएस-सीआयटी सेंटरवर शिकवायला होते. सकाळच्या बॅचला एक मसालेवाले काका यायचे. परीक्षेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी खिशातून चतकोर कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर एकच शब्द होता, ओपनकार्ट. "म्याडम, हे फुकट मिळतंय म्हणं. आपलं दुकान यावर लागंल का?" मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "बघते," म्हणाले.

रात्री दिराच्या कॉम्प्युटरवर ओपनकार्ट १.५ चढवलं. इंटरनेटवर दुकान मांडायचं ते सॉफ्टवेअर निघालं. दुकान तासाभरात उभं राहिलं, पण ते साहेबाच्या देशातलं होतं. किमती पौंडात, डॉलरमध्ये नाहीतर युरोत. गिऱ्हाईक नाव नोंदवायला गेलं की त्याला फॅक्स नंबर विचारला जायचा. कांदा-लसूण मसाला मागवणाऱ्या बाईला फॅक्स नंबर! मी सरळ टेम्प्लेटची फाइल उघडली आणि त्या ओळी उडवल्या. रुपया घातला. पाव किलो, अर्धा किलो टाकलं. काका खूश, मी त्याहून खूश. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली, म्हणून मोठ्या हौसेने ती चढवली. सकाळी काकांचा फोन आला, "म्याडम, फॅक्स परत आलाय."

फॅक्स आला आणि बाकी माझं सगळं गेलं. मूळ फायलींमध्ये केलेले बदल नव्या फायलींखाली गाडले गेले होते आणि मी काय काय बदललं होतं त्याची नोंद कुठेच नव्हती. त्या आठवड्यात दोन गोष्टी घरात आल्या. एक व्हीक्यूमॉड. त्यात बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहायचे, मूळ फाइल जशीच्या तशी राहते आणि चालवताना तिची बदललेली प्रत वापरली जाते. दुसरी दोनशे पानी वही. कुठल्या दुकानात, कुठल्या तारखेला, काय बिघडलं आणि काय केलं, हे तेव्हापासून आम्ही हाताने लिहितो. सध्या अकरावी वही चालू आहे. कॉम्प्युटरवाल्यांकडे वही बघून लोक हसतात, हसू देत.

२०१४ मध्ये ओपनकार्टची दुसरी आवृत्ती आली. तिची आतली रचना इतकी बदललेली होती की आमचा एकही जुना बदल तिच्यात चालेना. तोवर सात दुकानं आमच्या गळ्यात होती आणि दीर हार्डवेअरचं दुकान सोडून माझ्याबरोबर आला होता. आम्ही दोघांनी बसून ठरवलं, आता वूकॉमर्स, म्हणजे वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चढणारं दुकान. तिथे 'हुक' नावाची सोय आहे. भिंतीला आधीच खुंट्या ठोकून ठेवलेल्या असतात, आपण आपली पिशवी हव्या त्या खुंटीला अडकवायची, भिंत फोडायची नाही. सातही दुकानं हलवायला अख्खा पावसाळा गेला. त्या काळातल्या पैशांच्या ओढाताणीबद्दल लिहीत नाही. ज्यांनी धंदा केलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केला नाही त्यांना सांगून कळत नाही.

आमचं काम शिंप्याच्या 'अल्टर'सारखं. शर्ट तयारच मिळतो, खांद्यात बसत नाही. पहिला अडायचा तो पत्ता. सॉफ्टवेअर विचारतं रस्ता आणि शहर. आमचं गिऱ्हाईक लिहितं मु. पो. अमुक, ता. तासगाव, जि. सांगली, मारुतीच्या देवळामागे. एवढं सगळं एका ओळीत कोंबलं की कुरिअरच्या लेबलवर निम्मं कापलं जातं आणि देऊळ नेमकं कापलेल्या भागात जातं. आम्ही गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा असे वेगळे रकाने केले आणि 'जवळची खूण' हा रकाना सक्तीचा केला. पार्सल परत येण्याचं प्रमाण त्यानंतर डोळ्यांना दिसेल इतकं उतरलं. कुरिअरवाले परत आलेल्या पार्सलला 'आरटीओ' म्हणतात. एका गिऱ्हाइकाला वाटलं होतं त्याच्या मसाल्याला गाडीचं पासिंग लागतंय.

दुसरा बिघाड शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले. काही ऑर्डरी शेवटच्या पायरीवर अडायच्या, पिनकोड चुकीचा म्हणून. आम्ही तोच पिनकोड टाकला की बरोबर. शेवटी साताऱ्याच्या एका आजींना फोन करून विचारलं, आजी, तुम्ही नक्की काय टाइप करता? त्यांच्या नातवाने मोबाइलला मराठी कीबोर्ड लावून दिला होता. त्या ४१५००१ मराठी आकड्यांत टाकत होत्या आणि तपासणीच्या नियमाला फक्त इंग्रजी आकडे ठाऊक होते. मराठी आकडे आतल्या आत बदलून घेणाऱ्या चार ओळी लिहिल्या. आता प्रत्येक दुकानात आम्ही त्या पहिल्या दिवशीच घालतो, मोबाइल नंबरलासुद्धा.

पिनकोडवरून आठवलं. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. तर त्यांच्या पिनकोडाने मला २०१७ मध्ये चांगलाच हिसका दिला, आणि चूक शंभर टक्के माझी होती. १ जुलैला जीएसटी लागू झाला. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, परराज्यातलं असेल तर आयजीएसटी. फॉर्म आखूड करायचा म्हणून मी राज्याचा रकानाच काढून टाकला होता. पिनकोडवरून राज्य ओळखायचं, ४० ते ४४ ने सुरू झाला की महाराष्ट्र. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक. दोन महिन्यांनी मसालेवाल्या काकांच्या सीएंचा फोन आला, "मडगाव महाराष्ट्रात कधी आलं?" गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात. ४० मध्येच येतात. गोव्याच्या प्रत्येक बिलावर चुकीचा कर लागला होता. आयजीएसटी नव्याने भरायचा आणि चुकीच्या खात्यात भरलेल्याचा परतावा मागायचा, अशी ती निस्तरानिस्तर. काका एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्यानेच मला जास्त लागलं. सीएंची फी मी भरली.

पण ४०३ हा आकडा एवढ्यावर सुटायचा नव्हता.

२०२१ ची दिवाळी. तासगावकडच्या एका बेदाणावाल्यांचं दुकान आम्ही सांभाळत होतो. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळपासून तक्रारी सुरू झाल्या. पैसे कापले गेले, ऑर्डर रद्द. एक नाही, दोन नाही, रात्रीपर्यंत एकोणीस. मालकांच्या बँकेत रक्कम जमा दिसत होती आणि दुकानाच्या यादीत त्याच ऑर्डरीपुढे 'रद्द'. गिऱ्हाइकाला वाटणार की फसवलं, त्यात त्याची काय चूक?

आधी आम्ही पेमेंट गेटवेच्या, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे दुकानापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीच्या, नावाने बोटं मोडली. त्यांच्या पॅनेलवर बघितलं तर व्यवहार यशस्वी, आणि प्रत्येकापुढे बारीक अक्षरात नोंद, 'दुकानाला कळवलं, उत्तर ४०३'. सर्व्हरच्या भाषेत ४०३ म्हणजे मज्जाव, आत यायचं नाही. मग गाठ सुटायला लागली. यूपीआयने पैसे देताना माणूस ब्राउझरमधून बँकेच्या अ‍ॅपमध्ये जातो, पिन टाकतो, हिरवी खूण दिसली की फोन खिशात. ब्राउझरकडे परत येतोच असं नाही. अशा वेळी गेटवेचा सर्व्हर स्वतंत्रपणे दुकानाला निरोप देतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो निरोप दारातच अडवला जात होता. आठ दिवसांपूर्वी सुरक्षेसाठी एक प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, चढवलं होतं. ब्राउझर नसलेला हा पाहुणा त्याला चोर वाटला. कुणी चढवलं होतं? आमच्या दिरानेच, आणि वहीत लिहिलंही होतं. निरोप पोचला नाही म्हणून ऑर्डर 'पैसे यायचे आहेत' अशीच राहिली, आणि माल किती वेळ राखून ठेवायचा याची वूकॉमर्समधली मूळ मुदत ६० मिनिटं. तास झाला की ऑर्डर रद्द आणि बेदाणा परत साठ्यात, दुसऱ्याला विकायला मोकळा.

उलगडा झाल्यावर दुरुस्ती दहा मिनिटांची. त्या एका वाटेला प्लगइनमधून सूट दिली. मुदत तासावरून चोवीस तासांवर नेली. मग मी आणि बेदाणावाल्यांच्या सूनबाई रात्री साडेअकरापर्यंत एकोणीस जणांना फोन करत बसलो. अठरा जणांनी समजून घेतलं. एकाने शिव्या घातल्या आणि वर दोन किलो जास्तीची ऑर्डर दिली.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट वेगळी, तिथे आमचा हात नव्हता. पुण्याचे एक मखरवाले. लॉकडाउनमुळे दुकानाला कुलूप, सगळी मदार वेबसाइटवर. २०२० चे गणपती २२ ऑगस्टला. ११ ऑगस्टला वर्डप्रेसची ५.५ आवृत्ती आली आणि तीन-चार दिवसांत मालकांच्या भाच्याने, बटण दिसलं म्हणून, अपडेट दाबलं. मालकांचा फोन, "ताई, सगळं दिसतंय पण काहीच दाबलं जात नाही." मखराची उंची निवडायची यादी उघडेना आणि उंची निवडल्याशिवाय 'खरेदी करा' जागं होईना.

आम्ही आधी होस्टिंग तपासलं, मग कॅशे रिकामी केली, मग एकेक करून प्लगइन बंद केली. यात अर्धी रात्र गेली. जे पहिल्या मिनिटाला करायला हवं होतं ते पहाटे केलं, ब्राउझरचा कन्सोल उघडला, पानातल्या चुका जिथे दिसतात तो. तिथे एकच लाल ओळ, 'लाइव्ह इज नॉट अ फंक्शन'. त्यांची थीम, म्हणजे दुकानाचं दर्शनी रूप ठरवणाऱ्या फायली, फार जुनी होती. पानावरची बटणं-याद्या चालवणाऱ्या जेक्वेरी या तयार कोडमधली 'लाइव्ह' ही रीत केव्हाच बाद झाली होती, पण जेक्वेरी मायग्रेट नावाची एक फाइल जुन्या-नव्यात दुभाषाचं काम करत होती, म्हणून थीम चालत होती. ५.५ मध्ये त्या दुभाषाला रजा दिली. दुभाषा परत आणणारं मदतनीस प्लगइन वर्डप्रेसवाल्यांनीच काढलं होतं. ते चढवलं आणि यादी उघडली. थीममधल्या त्या जुन्या ओळी मात्र अनंत चतुर्दशीनंतर निवांतपणे बदलल्या. सणात भिंतीला हात लावायचा नाही. भाचा आता पॅनेलमध्ये जातो, पण अपडेटचं बटण त्याला दिसत नाही. ही आमची सर्वांत लहान दुरुस्ती, तीन ओळींची, आणि सर्वांत जास्त मागणी असलेली.

बिलांचंही एक दुखणं होतं. पीडीएफमध्ये रुपयाच्या खुणेच्या जागी प्रश्नचिन्ह यायचं, कारण त्या फॉन्टमध्ये ती खूणच नव्हती. फॉन्ट बदलला तर मराठी मोडलं. 'चिंच' छापलं की वेलांटी 'च'च्या उजवीकडे जाऊन उभी आणि जोडाक्षरांचे तुकडे. पीडीएफ बनवणाऱ्या त्या लायब्ररीला, म्हणजे तयार कोडच्या संचाला, अक्षरं जुळवायचं ज्ञान नव्हतं. एमपीडीएफ ही दुसरी लायब्ररी वापरल्यावर ते मिटलं. मराठी नावांच्या लिंकचंही तसंच. वर्डप्रेस लिंकमधल्या नावाला २०० खुणांपर्यंतच जागा देतं आणि देवनागरीची एकेक खूण तिथे नऊ जागा खाते. 'सेंद्रिय राजापुरी हळद पावडर अर्धा किलो'ची लिंक 'पा'वर संपायची, एक किलोचीही तिथेच, फक्त मागे '२' लागून. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची नुसती माळ. लिंक आम्ही हाताने आखूड करून देतो. मराठी नावच बदला असं मात्र कुणाला सांगत नाही.

मला मनापासून आवडलेलं काम देवगडच्या एका आंबा बागायतदारांचं. सॉफ्टवेअरला वाटतं माल फळीवर आहे, मोजा आणि विका. यांचा माल झाडावर. किती पेट्या होतील हे मोहोर, ऊन आणि अवकाळी ठरवणार, आणि फळाच्या आकारावर पेटी चार डझनी होणार की सहा डझनी. आम्ही साठा हा प्रकारच बंद केला. गिऱ्हाईक नंबर लावतं. बागायतदार संध्याकाळी मोबाइलवर फक्त एवढंच भरतात, आज कुठल्या आकाराच्या किती पेट्या आढीत, म्हणजे पिकायला, घातल्या. मग रांगेतल्या तेवढ्या ऑर्डरी आपोआप पुढे सरकतात. ऑर्डरच्या पायऱ्यांची नावंही त्यांनीच दिली. नोंद, काढला, आढीत, रवाना. मुंबईचं गिऱ्हाईक 'आढीत' म्हणजे काय ते विचारायला फोन करतं, आणि त्यांना ते सांगायला आवडतं.

आज आम्ही चौघं आहोत आणि चोवीस दुकानं सांभाळतो. २०२३ च्या शेवटापासून नव्या दुकानांना वूकॉमर्सचं ब्लॉकवालं चेकआउट, म्हणजे तयार ठोकळ्यांनी रचलेलं पत्ता-पैसे भरायचं पान, मिळतं. तिथे आमच्या जुन्या खुंट्यांपैकी बऱ्याच नाहीत. मु. पो., तालुका, खूण, मराठी आकडे, सगळं नव्याने बसवावं लागतं. जिल्ह्यांच्या याद्यांतही हात घालावा लागला. कुरिअरच्या यादीत औरंगाबाद आणि उस्मानाबाद, गिऱ्हाईक लिहितं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, नंतर अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. दोन्ही नावं चालतील अशी जुळणी केली आहे. चोवीसपैकी चौदा दुकानं या नव्या चेकआउटवर हलवून झाली. मसालेवाल्या काकांचं दुकान आता त्यांची नात बघते. ते आम्ही सगळ्यांत आधी हलवलं आणि गोव्याच्या पत्त्यावर एक खोटी ऑर्डर टाकून बिल काढून बघितलं. आयजीएसटी लागला होता. देवगडचं राहिलंय. त्यांना विचारलं तर म्हणाले, आता पहिली पेटी काढायची वेळ आली, पावसाळ्यात करा.