वकील की अर्थतज्ज्ञ? तुम्ही विचारलंत म्हणून

"म्हणजे तुम्ही नक्की कोण? वकील की अर्थतज्ज्ञ?"

विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात, प्रवासात शेजारी बसलेली माणसं विचारतात. पदोन्नतीची वेळ आली की विद्यापीठातल्या समित्याही हेच विचारतात, फक्त त्यांचा स्वर वेगळा असतो. इतकी वर्षं मी एका वाक्यात सुटका करून घेत आले: "कायदा आणि अर्थशास्त्र, दोन्ही." समोरचा "अच्छा" म्हणतो आणि हवापाण्यावर येतो. त्या "अच्छा"चा अर्थ मला पाठ आहे. तेव्हा यावेळी जरा सविस्तर.

वकील म्हणावं, तर मी आयुष्यात एकदाही कोणाची बाजू घेऊन कोर्टात उभी राहिलेली नाही. अर्थतज्ज्ञ म्हणावं, तर पैसे कुठे गुंतवावेत यातलं मला तुमच्याइतकंच कळतं. मी निकालपत्रं वाचते. तेवढंच करते म्हटलं तरी चालेल. न्यायाधीशापुढे प्रश्न असतो की काल जे घडलं त्यात चूक कोणाची. मी तोच कागद हातात घेऊन विचारते की हा निकाल ऐकून उद्या बाकीचे लोक काय करतील.

सुरुवात अर्थशास्त्रातून झाली. पीएचडी संपत आली तेव्हा एकाच आठवड्यात दोन मुलाखती होत्या. अर्थशास्त्र विभागात मी फळ्यावर तिसरी ओळ लिहीत होते, तोच मागून आवाज आला, "ते दुसरं गृहीतक काढलं तर काय उरतं?" पुढचा तासभर ते गृहीतक आणि मी. विधी विभागात मात्र शेवटपर्यंत सगळे शांत. मला वाटलं, जिंकले. मग एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी चष्मा काढून विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण करारांचा कायदा शिकवाल का?" मी "हो" म्हणून बसले. करारांच्या कायद्याचं एक पानही तोवर मी वाचलेलं नव्हतं. नोकरी तिथेच मिळाली.

पुढचे सहा आठवडे रात्री जागून मी ते पाठ्यपुस्तक वाचलं. वर्गात शिकवायच्या प्रकरणाच्या जेमतेम एक प्रकरण पुढे असायचे. खोटं कशाला बोलू, माझं खरं शिक्षण त्या सहा आठवड्यांत झालं. १८५४ सालचा हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा इंग्लंडमधला खटला तेव्हाच पहिल्यांदा वाचला. ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीच्या वाफेच्या इंजिनाचा दांडा मोडला आणि गिरणी थांबली. नवा दांडा करून घ्यायला मोडका दांडा नमुना म्हणून ग्रीनिचला पाठवायचा होता. माल पोचवणाऱ्यांनी उशीर केला, गिरणी आणखी काही दिवस बंद राहिली, आणि मालकांनी बुडालेल्या नफ्याची भरपाई मागितली. कोर्टाने ती देण्यास नकार दिला. दांड्यावाचून गिरणी बंद पडून राहील, हे पोचवणाऱ्यांना कराराच्या वेळी कळायला मार्ग नव्हता, आणि असं नुकसान नेहमीच्या व्यवहारात आपोआप गृहीत धरता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं.

कायद्याच्या वर्गात इथे "नुकसानीची पूर्वकल्पना" असा मथळा देऊन पुढे जातात. माझं घोडं तिथेच अडलं. गिरणी बंद आहे हे कोणाला माहीत होतं? मालकाला. मग नियम असा ठेवला की न सांगितलेल्या नुकसानीची भरपाई नाही, तर मालक आपणहून तोंड उघडेल. पोचवणारा जादा काळजी घेईल किंवा जादा भाडं मागेल. उलट सगळं नुकसान त्याच्याच गळ्यात मारलं, तर तो सगळ्यांचंच भाडं वाढवेल, आणि साधं गाठोडं पाठवणारा माणूस गिरणीवाल्याच्या जोखमीचे पैसे भरत बसेल. म्हणजे हा नियम माहिती बाहेर काढणारा चिमटा आहे! रात्री दोन वाजता मला वाटलं, मी शोध लावला. चार दिवसांनी ग्रंथालयात कळलं की इयन एअर्स आणि रॉबर्ट गर्टनर यांनी १९८९ सालीच हे रीतसर मांडून ठेवलंय. मुद्दाम गैरसोयीचा ठेवलेला नियम माहिती असलेल्या पक्षाला बोलतं करतो, असं ते सूत्र. शोध अक्कलखाती जमा झाला. पण त्या रात्रीनंतर पुन्हा नुसत्या समीकरणांकडे जावंसं वाटलं नाही.

"पण मग डिग्री कसली घ्यायची?" हा लगेच येणारा पुढचा प्रश्न. आज नोकरीसाठी उभी राहणारी पुष्कळ मुलं कायद्याची पदवी आणि अर्थशास्त्राची पीएचडी अशा दोन्ही घेऊन येतात, आणि त्यांच्यापुढे मला माझी निवड झालीच कशी याचं नवल वाटतं. पण ज्यांनी हे क्षेत्र उभं केलं त्यांच्याकडे बघा. रोनाल्ड कोस यांची पहिली पदवी वाणिज्य शाखेची होती, आणि त्यांनी उमेदीनंतरची वर्षं काढली शिकागोच्या विधी शाखेत. रिचर्ड पोझ्नर यांनी इंग्रजी साहित्य आणि मग कायदा शिकला. अर्थशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती, तरी १९७३ साली कायद्याच्या आर्थिक विश्लेषणावरचं सर्वांत गाजलेलं पाठ्यपुस्तक त्यांनी लिहिलं आणि पुढे १९८१ पासून २०१७ पर्यंत अमेरिकेत अपील न्यायालयावर न्यायाधीश म्हणून बसले. स्टीव्हन शॅव्हेल हे अर्थतज्ज्ञ कित्येक दशकं हार्वर्डच्या विधी शाखेत शिकवत आले. यातून डिग्री नको असा अर्थ काढू नका. डिग्री असून दुसऱ्या बाजूचं वाचन नसलेले लोक मी जास्त पाहिलेत, एवढंच म्हणते.

कोस यांची एक गोष्ट आमच्यात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. १९५९ सालच्या त्यांच्या लेखातला एक मुद्दा शिकागोच्या अर्थतज्ज्ञांना साफ चुकीचा वाटला. १९६० साली तिथल्याच विधी शाखेतले प्राध्यापक अ‍ॅरन डायरेक्टर यांच्या घरी एका संध्याकाळी वीसेक जण जमले. सुरुवातीला कोस एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या. मंडळी उठली तेव्हा सगळेच कोस यांच्या बाजूचे झाले होते, असं तिथे हजर असलेले अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी लिहून ठेवलंय. एका संध्याकाळी सगळ्यांची मतं बदलली, असं सेमिनारमध्ये मी तरी आजवर पाहिलेलं नाही. मत बदललंच तर माणसं ते घरी जाऊन गुपचूप बदलतात. त्या संध्याकाळचा मुद्दा मग १९६० सालच्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात आला, आणि १९९१ साली नोबेल मिळालं तेव्हा कोस ऐंशीच्या पुढे होते. नोबेलच्या भाषणात, या लेखाहून कितीतरी जुन्या कामाबद्दल बोलताना, त्यांनीच म्हटलं की विशीत केलेल्या कामाचं कौतुक ऐंशीत व्हावं हा अनुभव विचित्र आहे. पदोन्नतीच्या फॉर्मवर "गेल्या पाच वर्षांतील प्रभाव" हा रकाना भरताना मला ते वाक्य हटकून आठवतं.

नोकरीच्या रोजच्या भागात दोन घरांचे दोन आचारधर्म सांभाळावे लागतात. अर्थशास्त्राच्या जर्नलला लेख एका वेळी एकाकडेच पाठवायचा, मग महिनोन्‌महिने वाट बघायची. अमेरिकेतल्या विधी नियतकालिकांचं संपादन विद्यार्थी करतात, आणि तिथे तोच लेख एकाच वेळी अनेकांकडे पाठवणं हा शिरस्ता आहे. माझ्या अर्थशास्त्री मित्राला हे सांगितलं तेव्हा मी चोरीची कबुली दिल्यासारखा त्याचा चेहरा झाला. अर्थशास्त्रात लेखकांची नावं बहुधा आडनावाच्या अक्षरक्रमाने लागतात. विधी शाखेच्या समितीत मला विचारलं, "तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर का? काम कमी केलंत का?" आणि तळटीपा! तिकडे प्रत्येक वाक्याखाली आधार लागतो. सूर्य पूर्वेला उगवतो लिहिलंत तर तळटीप कुठाय. माझ्या एका लेखाला २१२ तळटीपा झाल्या. तोच मुद्दा अर्थशास्त्राच्या जर्नलसाठी लिहिला तर रेफरीने, म्हणजे लेख तपासणाऱ्याने, तीन ओळींत परत पाठवला, त्यातली एक ओळ "फार लांब आहे" अशी होती.

या सगळ्यात दोन डगरींवर पाय ठेवल्यासारखं होतं. विधीवाले विचारतात, "हे कोणत्या निकालात म्हटलंय?" अर्थशास्त्रवाले विचारतात, "हे मोजलंत कशावरून?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून तर त्रास होतो.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. "तुम्ही लोक सगळं पैशात मोजता." मोजतो. आणि कोण किती द्यायला तयार आहे यावरून एखाद्या गोष्टीचं मोल ठरवलं, की ज्याच्या खिशात काही नाही त्याची गरज हिशेबात येतच नाही. पोझ्नर यांनी संपत्तीची वाढ हा न्यायाचा निकष म्हणून मांडला तेव्हा कायद्याचे तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९८० साली सरळ विचारलं की संपत्ती हे मुळात मूल्य आहे का. माझ्या मते त्या वादात ड्वॉर्किन जिंकले. तरी मी हे काम सोडलं नाही, कारण नियमाचा परिणाम मोजणं आणि त्या परिणामाला न्याय म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली कोणीतरी नीट करायला हवी. नाहीतर काय होतं ते इस्रायलमधल्या हैफाच्या पाळणाघरांत दिसलं. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड सुरू केला, तर उशिरा येणारे वाढले. दंड म्हणजे उशिराचं भाडं असा पालकांनी अर्थ लावला. दंड काढून टाकला तरी उशीर उतरला नाही. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांचा हा अभ्यास २००० साली आला. विधीवाल्यांना तो फार आवडतो, कारण त्यात अर्थतज्ज्ञांची फजिती दिसते. पण ती मोजून दाखवली अर्थतज्ज्ञांनीच, हे मी दर वेळी हळूच जोडते.

शिकवण्याचं सांगायचं राहिलं, आणि मला सर्वांत आवडणारा भाग तोच. दरवर्षी एका तासाला मी १८७९ सालचा स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन हा खटला घेते. लंडनमधला एक मिठाईवाला. त्याच्या स्वयंपाकघरात दोन मोठे खलबत्ते, वर्षानुवर्षं चालत आलेले. मागच्या अंगाला डॉक्टर राहायला येतो, काही वर्षांनी बागेच्या टोकाला त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधतो, आणि मग त्याला रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकू येईनात. कोर्टाने डॉक्टरच्या बाजूने मनाई हुकूम दिला. कोस यांचं म्हणणं, त्या संध्याकाळी सगळ्यांना पटलेलं तेच, असं, की दोघांना बोलणी करायला काही खर्च पडत नसेल तर हक्क कोणालाही द्या, ती जागा ज्याला जास्त मोलाची त्याच्याच कामाला लागेल. खलबत्त्याचं मोल जास्त असेल तर मिठाईवाला डॉक्टरला पैसे देऊन हुकूम सोडवून घेईल.

मी वर्गात जोड्या लावते. खलबत्त्याचं मोल १०० गुण, खोलीचं ६०, हुकूम डॉक्टरच्या हातात. करा बोलणी. पहिली पाच मिनिटं सगळे "खलबत्ता आधी होता की नाही" यावरच भांडतात. मग कोणीतरी ८० म्हणतं आणि बहुतेक जोड्या मिटवून मोकळ्या होतात. मी फळ्यावर कोस यांचं नाव लिहिते, तास संपतो.

एका वर्षी एक जोडी अडली. डॉक्टर झालेली मुलगी हात बांधून बसली. मिठाईवाला ९५ पर्यंत आला. ती म्हणाली, "मॅडम, हा माझ्याशी कोर्टात भांडलाय. आता मी त्याच्याकडून पैसे घेऊन खलबत्ता ऐकू?" वर्ग हसला. मीही हसले, आणि "हे खेळाच्या नियमात बसत नाही" असं तिला सांगितलं. चूक माझी होती. वॉर्ड फार्न्सवर्थ यांनी उपद्रवाचे असेच २० खटले घेऊन वकिलांना विचारलं होतं की निकालानंतर दोन्ही पक्षांनी बोलणी केली का. एकाही खटल्यात केली नव्हती. हा लेख १९९९ सालचा, माझ्याच कपाटात पडलेला. त्या मुलीला पुढच्या तासाला मी त्याची प्रत दिली. तिने ती वाचून विचारलं, "मग गेल्या तासाला नियमात बसत नव्हतं ते काय होतं?"

तेव्हापासून मी तो तास बदललाय. निम्म्या जोड्यांना आधी दहा मिनिटं एकमेकांविरुद्ध वकिली करायला लावते, आवाज चढवून, आणि मग बोलणीला बसवते. भांडून आलेल्यांचे सौदे कमी होतात असं मला दिसतं. गेल्या वेळी चहाला हे दोन सहकाऱ्यांना सांगत होते. अर्थशास्त्रवाले म्हणाले, "जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडल्यास का?" नव्हत्या पाडल्या. विधीवाल्या बाई म्हणाल्या, "पण त्या डॉक्टरने मुळात ती खोली तिथे बांधलीच कशाला?"