दोन नकला

जानेवारीत टोरंटोहून एका बाईंचा फोन आला. वडील जाऊन चार महिने झाले होते. मागे दोघं भावंडं: ही धाकटी आणि तालुक्याच्या गावी राहणारा मोठा भाऊ. वडिलांनी मृत्युपत्र नोंदवलंय एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. प्रत मागितली की भाऊ म्हणायचा, "बघतो, पाठवतो." आणि मग एक दिवस आला तो हक्कसोडपत्राचा मसुदा. "तू यावर सही करून पाठव, बाकीचं मी बघतो."

वीस वर्षं दिवाणी वकिली केल्यावर असा मसुदा पाहिला की मत बनायला वेळ लागत नाही. माझंही बनलं. बहिणीला अंधारात ठेवून घर नावावर करून घेणारे भाऊ मी पुष्कळ पाहिलेत. सही करू नका, असं तिला बजावलं आणि मृत्युपत्राच्या नकलेच्या, म्हणजे नोंदणी कार्यालयातून मिळणाऱ्या अधिकृत प्रतीच्या, मागे लागले.

तिला वाटत होतं, भावाने दिली तरच प्रत मिळणार. नाहीतर मग कुलमुखत्यारपत्र, त्यासाठी वकिलातीत वेळ घेणं, कागद इकडे येणं, त्यावर मुद्रांक. परदेशात राहणाऱ्या कितीतरी लोकांची हीच समजूत असते आणि ती ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण कायदा त्यांच्या बाजूने आहे. नोंदणी अधिनियम 1908, कलम 57. मृत्युपत्राची नोंद नोंदणी कार्यालयातल्या पुस्तक क्रमांक 3 या वेगळ्या नोंदवहीत होते. ते करणारा माणूस हयात आहे तोवर नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. तो गेल्यावर मात्र अर्ज करील त्या कुणालाही. लेकीने स्वतः यायलाच हवं असं नाही, आणि मृत्युपत्रात तिचं नाव आहे की नाही हेही तिने आधी दाखवायचं नाही.

खरी मेख शोधाची असते. खरेदीखतासारखे दस्त आपण सूचीत स्वतः शोधू शकतो. पुस्तक 3 चा शोध मात्र नोंदणी अधिकाऱ्यानेच घ्यायचा, असं त्याच कलमात आहे. म्हणजे आपण सांगू ते नाव आणि ते वर्ष, त्यावर सगळं. त्यातून मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत सूचीत लाभार्थ्यांची नावं चढतच नाहीत. तेव्हा शोध वडिलांच्याच नावावर घ्यायचा होता, आणि वर्ष चुकलं तर हाती काही लागणार नव्हतं.

वर्ष तिने बरोबर काढून दिलं. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती आली होती. परत गेल्यावर आठवड्याभरात त्यांचा फोन आला होता, "आज कचेरीत जाऊन मृत्युपत्र नोंदवलं. फोटो काढला, अंगठा घेतला. काळा चष्मा काढायला लावला, डोळ्यांत पाणी आलं." तिने पासपोर्ट उघडून शिक्का पाहिला. 2016, मार्च.

नोंदणी कार्यालयात खिडकीपाशी नेहमीचं उत्तर मिळालं, "सगळ्या वारसांची संमती आणा, मॅडम." मी मृत्यूच्या दाखल्याची प्रत पुढे केली आणि कलम 57 ची छापील पानं त्यावर ठेवली. साहेबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, 'अर्ज करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस' या शब्दांखाली बोट फिरवलं आणि काही न बोलता अर्जावर शेरा मारला. अशा माणसांबद्दल मला आदर वाटतो.

तिथले कारकून भाऊसाहेब यांनी वडिलांचं नाव ऐकलं आणि मान वर केली.

"हेच नाव मागच्या आठवड्यात एकजण विचारत होते. मुलगा म्हणाले. 2019 सांगत होते, नाही मिळालं. पुढचं-मागचं एक वर्षही बघितलं."

मी तिथल्या बाकावर बसले. प्रत दाबून ठेवणारा माणूस ती शोधत कशाला फिरेल? महिनाभर मी ज्याला लबाड ठरवलं होतं, त्याच्या हातात कागदच नव्हता.

नक्कल दुपारी तीनला हातात पडली. अशी नक्कल मी आधी शेवटून वाचते. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं होत नाही. उद्या वाद निघालाच तर दोनपैकी निदान एक साक्षीदार कोर्टात उभा करावा लागतो. त्यामुळे साक्षीदार कोण आणि हयात आहेत का, हे आधी. नावं टिपून घेतली. मागच्या गोषवाऱ्यावर, म्हणजे नोंदणीच्या तपशिलाच्या पानावर, वडिलांचा फोटो होता, एक डोळा अर्धा मिटलेला, शेजारी अंगठ्याचा काळा ठसा. आत कुणाला काय दिलंय ते मी लिहिणार नाही, ते त्या दोघांचं आहे.

तिकडे पहाटेचे साडेचार झाले होते, तरी पहिल्या रिंगला तिने फोन उचलला. मी आधी भाऊसाहेबांनी सांगितलेलं सांगितलं. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "थांबा, दादाला फोन करते."

वीस मिनिटांनी तिचा फोन आला. आवाज बसला होता.

"कपाट, बँकेचा लॉकर, गावचं घर, सगळं पालथं घातलं म्हणाला. बाबांनी कागद त्याच्याच हातात दिला होता. हरवला हे मला सांगायची हिंमत झाली नाही त्याची. हक्कसोडपत्र झालं की कागद लागणारच नाही, असं कुणीतरी डोक्यात भरवलं." थोडं थांबून तिने विचारलं, "ताई, त्याच्यासाठी पण एक काढता येईल का? आजच?"

कार्यालय बंद व्हायला अजून वेळ होता. मी पुन्हा खिडकीशी गेले आणि दुसरा अर्ज लिहायला घेतला.