लोकरीवर उभी राहिलेली गावं : कॉट्सवोल्ड्समधला एक दिवस

आई-बाबा दोन महिन्यांसाठी इकडे आलेत आणि पहिल्या आठवड्यापासून बाबांचं एकच चाललं होतं, लंडन झालं, आता इथली गावं दाखव. म्हणून शनिवारी सकाळी सातला रेडिंगहून गाडी काढली, डब्यात आईच्या तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये चहा, आणि नऊच्या आत कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडमधल्या टेकड्यांच्या भागातल्या स्टो-ऑन-द-वोल्डला पोचलो. तुम्ही जाणार असाल तर लवकरच जा, अकरानंतर गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागतं.

स्टो टेकडीवर आहे, साधारण 800 फुटांवर, त्यामुळे वारा चांगलाच बोचतो. मधे भलामोठा बाजारचौक आणि त्यात उघडणाऱ्या गल्ल्या मात्र इतक्या चिंचोळ्या की दोन माणसं एकमेकांना घासून जातील. या गल्ल्यांमधून मेंढ्या एकामागून एक चौकात आणायचे म्हणजे मोजायला सोपं. एकेका जत्रेत 20,000 मेंढ्या विकल्या गेल्याची जुनी नोंद आहे! हे कळल्यावर तो चौक एकदम वेगळाच दिसायला लागला. आई म्हणाली, धनगरांचा वाडा उठतो तेव्हा जसा आवाज होतो तसा इथे केवढा होत असेल गं.

घरं सगळी मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची, छपरंसुद्धा दगडी फरशांची, खालच्या ओळीत मोठ्या आणि वर जाताना लहान लहान होत गेलेल्या. चर्चच्या उत्तरेकडच्या दाराला दोन्ही बाजूंनी यू या सदाहरित जातीची जुनी झाडं अशी चिकटलीत की दार झाडातच बसवलंय असं वाटतं. 1646 साली राजा विरुद्ध पार्लमेंट या पहिल्या यादवीतली शेवटची लढाई याच गावाजवळ झाली.

आता मला जे खरं सांगायचंय ते. स्टोपासून गाडीने दहाएक मिनिटांवर डेल्सफर्ड आहे, चारदोन घरं आणि एक छोटं चर्च. तिथे वॉरन हेस्टिंग्जची कबर आहे. बाबांचं लहानपण वडगाव मावळात गेलंय. 1779 च्या जानेवारीत तिथेच मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणलं आणि तो वडगावचा तह झुगारून देऊन लढाई चालू ठेवणारा गव्हर्नर जनरल म्हणजे हाच हेस्टिंग्ज, शेवटी 1782 ला सालबाईच्या तहाने ते युद्ध मिटलं. पूर्वजांच्या हातून गेलेली ही डेल्सफर्डची जहागीर त्याने 1788 मध्ये परत विकत घेतली, म्हणजे हिंदुस्थानातून परतल्यावर, आणि नवीन मोठं घर बांधलं. ते खाजगी आहे, आत जाता येत नाही. चर्चच्या मागे दगडी कलश आहे, त्यावर फक्त नाव आणि 1818. बाबा बराच वेळ तिथेच उभे होते, मग हळूच म्हणाले, "अगं, पेशवाई बुडाली तेच साल." मला काही बोलताच आलं नाही. शाळेत पाठ केलेली सनावळी अशी गवतात उभी भेटेल असं वाटलं नव्हतं.

मोरटन-इन-मार्शला फक्त चहा घेतला. तिथला रुंद मुख्य रस्ता म्हणजे रोमनांनी बांधलेला फॉस वे, पण आज त्यावर गाड्यांचीच गर्दी जास्त.

चिपिंग कॅम्पडन मात्र मला सगळ्यात आवडलं. चिपिंग म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार, आपल्याकडे पेठ म्हणतो तसंच. 1380 च्या सुमाराचं विल्यम ग्रेव्हेल या लोकर व्यापाऱ्याचं घर अजून रस्त्यावर उभं आहे, आणि चर्चमध्ये त्याच्या पितळी पत्र्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की हा साऱ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांमधलं फूल होता. लोकरीचा पैसा आटला, पुढे कापडाच्या गिरण्या यॉर्कशायरकडे वाढल्या, म्हणून इथे जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच उरला नाही. आज आपण बघायला येतो ती घरं त्यामुळेच टिकली.

शेवटी मार्केट हॉलमध्ये बसलो. 1627 चा, चारी बाजूंनी कमानी, लोणी, चीज, कोंबड्या विकायला बांधलेला. 1940 च्या दशकात तो विकला जाऊन अमेरिकेत जायच्या बेतात होता, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून विकत घेतला आणि नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकला. खालची फरसबंदी इतकी झिजून खालीवर झालीय की आईला हात धरून आणावं लागलं. बाहेर पाऊस सुरू झाला होता. आईने डबा उघडला आणि उरलेल्या पुऱ्या आम्ही तिथेच कमानीखाली बसून संपवल्या.