शिंक आली तर तोंड उघडायचं

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीवरची गाठ नाकातून काढणार, कवटी उघडावी लागणार नाही, हे ऐकून मला हायसं वाटलं होतं. आदल्या संध्याकाळी सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूभोवती साधारण १५० मिलिलिटर पाणी असतं, शरीर रोज ५०० च्या आसपास नवं बनवतं. गाठ काढताना त्याचं आवरण उघडलं, तर तिथे पोटावरची थोडी चरबी भरायची आणि वरून नाकातल्या पडद्याचं अस्तर पांघरायचं. "ठिगळ आम्ही लावू. ते धरेपर्यंत सांभाळायचं तुम्ही." पाणी गळत राहिलं तर नाकातले जंतू मेंदूपर्यंत पोचून मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग, होऊ शकतो.

आवरण उघडलंच. मग पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, पहिल्या दिवसापासून पोट साफ राहायचं औषध, कारण कुंथलं की डोक्यातला दाब वाढतो. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. शिंक दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून सोडायची. नाहीतर हवा जोराने ठिगळावर आदळते.

डिस्चार्जच्या कागदावर हे सगळं इंग्रजीत होतं. घर सांभाळणाऱ्या माणसांना ते त्यांच्या भाषेत मिळायलाच हवं, असं मला कळकळीने वाटतं. लेकीने मराठीत लिहून फ्रिजवर लावलं. सासूबाईंनी ते दोनदा वाचलं आणि मिरचीची फोडणीच बंद केली. "ठसका लागून शिंक आली तर गं?" महिनाभर आम्ही सगळे जिरं-तुपावर जेवलो.

दहाव्या दिवशी औषध घ्यायला मान खाली घातली आणि नाकातून टपकन थेंब पडला. पाण्यासारखा स्वच्छ. घशात खारट चव. हातपाय गार पडले. सर्दी असेल म्हणून थांबलो नाही, तडक हॉस्पिटल गाठलं. तिथे मला पुढे वाकवून थेंब बाटलीत गोळा केले आणि बीटा-२ ट्रान्सफेरिनच्या तपासणीला पाठवले. हे प्रथिन मेंदूच्या पाण्यात असतं, शेंबडात नसतं. रिपोर्ट येईपर्यंत मी उशांना टेकून नुसती पडून होते. नवरा रात्रभर टॉर्च लावून उशी ओली झाली का बघत होता.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. ते नाकात मारायच्या सलाइन स्प्रेचं साचलेलं पाणी होतं.

पुढच्या तपासणीत दुर्बिणीतून बघून डॉक्टर म्हणाले, "धरलंय ठिगळ. वाकायचं मात्र अजून नाही." घरी आल्यावर देवाला नमस्कार मी उभ्यानेच केला.