बाळंतपणाची तारीख मी कशी काढते

मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे. आमच्याकडं दिवाळी झाली की कोयते, म्हणजे तोडणी करणारी नवरा-बायकोची जोडपी, ऊसतोडीला निघतात. गरोदर बाईचं बाळंतपण गावात होणार की फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, हे मग एका तारखेवर येऊन ठरतं.

त्या तारखेसाठी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लागतो. बऱ्याच जणी पाळी चुकली तो दिवस सांगतात आणि तिथंच महिन्याची गफलत होते. म्हणून मी सण विचारते. "महाशिवरात्रीलाच आली, देवळात गेले नाही," असं कुणी म्हणालं की कॅलेंडर काढायचं. २०२५ ची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. त्यात ९ महिने ७ दिवस मिळवले की ३ डिसेंबर येतो, म्हणजे २८० दिवस. सणाची तारीख त्याच वर्षाच्या कॅलेंडरवर बघावी, दरवर्षी ती सरकते.

हा हिशोब २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा. ३५ दिवसांनी येत असेल तर ७ दिवस वाढवून १० डिसेंबर धरायचा. शेवटच्या वेळी नुसता डाग लागला असेल तर ती पाळी धरत नाही, आधीची विचारते. गर्भ रुजतानाही थोडं रक्त जाऊ शकतं. बाळ अंगावर पीत असताना दिवस गेले, किंवा दिवस न राहण्यासाठीचं अंतरा इंजेक्शन नुकतंच बंद केलं, तर पाळीवरून अंदाज बांधूच नये. सरळ सोनोग्राफी.

ती १४ आठवड्यांच्या आत झाली तर सोनं. तेव्हा बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात, रिपोर्टावर ती सीआरएल म्हणून असते. पाळीची तारीख आणि ही तारीख यांत ७ दिवसांपेक्षा जास्त फरक पडला तर सोनोग्राफीची धरतात. पुढच्या प्रत्येक रिपोर्टावर नवी तारीख छापून येते आणि घरचे घाबरतात. आठव्या-नवव्या महिन्यातला अंदाज तीन आठवड्यांनीही चुकू शकतो, कारण तोवर प्रत्येक बाळाची वाढ वेगळी झालेली असते. म्हणून पहिलीच तारीख कायम ठेवायची.

सगळ्यात जास्त त्रास बायकांना आठवड्यांच्या आकड्यानं होतो. नवरा पुण्याला कामाला; घरी आला त्याला सहा आठवडे झाले, आणि रिपोर्टावर ८ आठवडे. घरात लगेच कुजबुज सुरू. अशा वेळी मी नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगते: आठवडे पाळीपासून मोजतात, गर्भ साधारण दोन आठवड्यांनी राहतो. आठातले दोन वजा करा, सहाच उरतात. शिवाय शुक्रजंतू पोटात पाच दिवसांपर्यंत जगतात, त्यामुळं नेमका दिवस बोट ठेवून कुणालाच सांगता येत नाही. ही दोन वाक्यं कुणी न सांगितल्यामुळं बाईला बोलणी खावी लागतात, हे फार वाईट आहे.

३ डिसेंबरवाल्या बाईला दिवाळीत ३४ वा आठवडा असतो. १२ नोव्हेंबरला ३७ पूर्ण होतात आणि तिथून पुढं कधीही कळा येऊ शकतात. ऐन तारखेला फार थोड्या बाळंत होतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असली तरी तिला गावात ठेवा, असंच मी सांगते. तरी जाणारच असेल तर माता-बाल संरक्षण कार्डावर पाळीची आणि बाळंतपणाची अशा दोन्ही तारखा ठळक लिहून पहिल्या सोनोग्राफीचा कागद त्यातच ठेवून देते. १० डिसेंबरपर्यंत, म्हणजे तारीख उलटून आठवडा झाला तरी, कळा आल्या नाहीत तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे मुकादमालाही सांगून ठेवते, कारण गाडी त्याच्याच हातात असते.